कोलममधली फट

श्रीवत्स, ती खुर्ची जरा इकडे ओढ. रंजनी, तूही बस. दिवे गेलेत तर जाऊ देत, मद्रासजवळच्या या आवडी गावात एकदा गेले की लवकर येत नाहीत, आणि इथं गच्चीवर निदान वारा तरी आहे. सकाळपासून तुम्ही भाचा आणि भाचेसून दोघं माझ्या मागे लागलाय की मामा, घर घेताना काय काय बघायचं ते सांगा. बघायचं ते सोपं आहे. विकणारा माणूस घरातलं पाणी डिसेंबरात दाखवतो आणि घराकडे जाणारा रस्ता मे महिन्यात. तुम्ही उलटं करा. पाणी मे महिन्यात बघा, रस्ता डिसेंबरात, इथला पाऊस तेव्हाचा. मद्रासमध्ये एवढं केलंत तरी निम्मी फसवणूक टळते.

पण मघाशी रंजनी सहज बोलून गेली की तुमच्या फ्लॅटचा मालक अमेरिकेत आहे आणि सही त्याचा भाऊ करणार आहे, मुखत्यारपत्रावर. ते ऐकल्यापासून माझी कॉफी तशीच पडून आहे. म्हणून ही गोष्ट. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आपल्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे ते अनिकेत आणि रेवा आठवतात ना, त्यांच्यावर आलेला प्रसंग आहे हा. आणि त्याचा शेवट मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

अनिकेत सांगलीचा. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. रेवाची कंपनी अड्यारच्या पलीकडे, त्यामुळे पोरीचं निम्मं आयुष्य प्रवासात चाललं होतं. मग अड्यारलाच एका जुन्या तीन मजली इमारतीत फ्लॅट मिळाला. अनिकेतच्या वडिलांनी मास्तरकीचा सगळा फंड दिला, रेवानं लग्नातले दागिने मोडले. हे घर हातचं गेलं असतं तर दुसरं घ्यायला त्या दोघांकडे काहीही उरलं नसतं, हे लक्षात ठेवा.

घराची मालकीण कमलिनी अम्मा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटीच राहायची. रेवा आपलं मोडकंतोडकं तमिळ जुळवत आत गेली तर म्हातारी म्हणाली, बैस गे बाई, उन्हातून आलीस. आपल्यातलीच, तंजावरची मराठी. रेवा इतकी हरखली की नळ सोडून बघायचंसुद्धा विसरली. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की आपले लोक असेच विरघळतात. कुणी तमिळ मालक असता तर अनिकेतनं दहा वकिलांना कागद दाखवले असते. इथं त्यानं एकालाही दाखवले नाहीत, का तर अम्मा मराठी बोलते.

त्या दिवशी अम्मानं रेवाला दारापुढचा कोलम काढायला शिकवला. ठिपके मांडायचे आणि त्यांच्याभोवती एकच रेघ वळवत न्यायची. तांदळाच्या पिठानंच काढायचा, मुंग्यांचंही पोट भरतं. पण अम्माच्या कोलममध्ये उंबऱ्यासमोर बोटभर फट असायची. समोरच्या घरातली कनका तिला नेहमी बोलायची की रेघ उघडी ठेवू नये, नको ते घरात येतं. अम्मा ऐकायची नाही. तिची मुलगी हरिप्रिया भावाच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली होती आणि भावानं तिला पुन्हा घराची पायरी चढू दिली नव्हती. अम्मा रेवाला म्हणाली, "रेघ पुरी मिटवली तर माझी लेक कोठून आत येईल?"

विसार दिल्यावर अम्माचे पाय गेले, चालणं बंद झालं, आणि तिचा मुलगा गुरुमूर्ती तिला कोइंबतूरला आपल्या घरी घेऊन गेला. अम्मानं त्याला मुखत्यारपत्र करून दिलं होतं, खरेदीखतावर तोच सही करणार होता. सोबत डॉक्टरनं दिलेला तिच्या हयातीचा दाखलाही होता. तो काढला तेव्हा खराच होता.

आता आडी महिना, इथला आषाढ, तोंडावर आला. आडीत इथं कुणी नव्या घरात पाऊल ठेवत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. फक्त आडीच्या अठराव्या दिवशी केलेलं सगळं फळतं, म्हणून खरेदीखत त्या दिवशी ठरलं. आणि आडी लागायच्या आत निदान दूध उतू घालून घ्या म्हणून गुरुमूर्तीनं किल्ली आधीच पाठवून दिली. केवढा चांगला माणूस, असं अनिकेत चारचौघांत सांगत होता.

तर तो आडीच्या आधीचा शेवटचा शुक्रवार, बारा जुलै. पहाटे आम्हीही गेलो होतो. तुझ्या मामीनं आपला कामाक्षी दिवा नेला, एका वातीचा, मागे देवीचं पान असलेला. दूध पूर्वेकडून उतू गेलं, सगळे खूश. रेवानं दारात अम्मानं शिकवलेला कोलम काढला, फटीसकट. फक्त पीठ नव्हतं म्हणून सांगलीहून आणलेली रांगोळी वापरली, आपली दगडाची पूड. दुपारी आम्ही निघालो. त्या रात्री घर अंधारात ठेवायचं नसतं, म्हणून ती दोघं तिथंच झोपणार होती. एक चटई, दोन उशा, स्वयंपाकघरात दिवा.

संध्याकाळी कनका दार वाजवून म्हणाली, शुभ दिवशी कोलम कुणी पुसला? रेवानं पाहिलं. पुसला नव्हता, धुतला होता. दारापुढची फरशी ओली आणि स्वच्छ. रेवाला वाटलं वॉचमनचा आगाऊपणा. तिनं फरशी कोरडी केली आणि पुन्हा कोलम काढला.

रात्री रेवाला जाग आली. दोन वाजून गेले असतील. बाहेर कुणीतरी झाडत होतं.

खराट्याचा आवाज. खर्र... खर्र... सावकाश, म्हाताऱ्या हाताचा. दिवेलागणीनंतर आपल्याकडे कुणी केर काढतं का? तिनं अनिकेतला हलवलं. तो म्हणाला शेजारच्या इमारतीत असेल, झोप.

आवाज थांबला. मग फरशीवर पाणी ओतल्याचा आवाज... त्यांच्याच दारापुढे.

अनिकेत उठला. दाराच्या भिंगातून बाहेर पाहिलं. जिन्यातला दिवा चालू होता. बाहेर कुणी नव्हतं. फरशी ओली होती. कोलम नव्हता.

दाराला आतून कडी होती. ती त्यानं काढली नाही. नंतर मला म्हणाला, मामा, हात कडीपर्यंत गेला होता, पण पलीकडे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. दिसत नव्हतं. पण उभं होतं.

तो वळला. स्वयंपाकघरात काळोख.

दिवा विझला, असं त्याला वाटलं. विझला नव्हता. जागेवर नव्हता...

मागच्या खोलीतून उजेड येत होता. ती अम्माची खोली. त्या खोलीत दिवसभरात दोघांपैकी कुणी पाऊलही ठेवलं नव्हतं. दार लोटलेलं होतं, ते आता उघडं होतं.

दिवा जमिनीवर होता. अम्माचा पलंग असायचा, बरोबर त्या जागी. खिडकी सताड उघडी. समुद्राचा वारा आत येत होता. ज्योत हलत नव्हती.

वातीचं तोंड दक्षिणेकडे होतं.

दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा माणूस गेल्यावर ठेवतात, ते रेवालाही ठाऊक होतं. ती दारातच खाली बसली. अनिकेत तिला ओढत होता, आपण निघू या, आत्ता निघू या. पण निघायचं कुठून? बाहेर जायला ते एकच दार. आणि दारापुढे...

रेवानं हळूच विचारलं, "अम्मा?"

खराटा पुन्हा वाजला नाही. कावळे ओरडेपर्यंत दोघं हात धरून त्या दिव्याकडे बघत बसली.

पहाटेच्या पहिल्या गाडीनं ती दोघं आवडीला आली. अनिकेतचं इंजिनिअरी डोकं तोवर पुन्हा चालू झालं होतं. उंदीर, वॉचमन, बिल्डरची माणसं, काय वाटेल ते बोलत होता. त्यालाही भीती होती, पण वेगळी. अठराव्या दिवशी खरेदीखत झालं नाही तर गुरुमूर्ती दुसऱ्याला विकेल, ही. मी त्याचंच ऐकत होतो. तुझी मामी मात्र रेवाकडे बघत होती. तिनं दोनच गोष्टी विचारल्या, कोलम पुसला होता की धुतला होता, आणि वात कुठल्या दिशेला होती. मग म्हणाली, "मयत झालेल्या घरापुढे कोलम काढत नाहीत. कोण गेलंय त्या घरातलं?"

मला पहिलं आठवलं ते गुरुमूर्तीचं मुखत्यारपत्र. कारण मुखत्यारपत्र देणारा माणूस असेपर्यंतच ते मुखत्यारपत्र असतं. तो गेला की त्या घडीला तो कागद रद्दी. त्यावर सही करून घेतलेलं घर उद्या त्या घराची मुलगी येऊन कोर्टात परत मागू शकते, आणि फंड, दागिने, कर्जाचा हप्ता सगळं या दोघांच्या गळ्यात.

मी गुरुमूर्तीला फोन लावला. म्हटलं, अम्मांशी दोन शब्द बोलायचेत, मुलांना आशीर्वाद द्यायला सांगतो. तो म्हणाला झोपलीय. दुपारी लावला, अंघोळ करतेय. संध्याकाळी लावला, देवळात गेलीय. चालता न येणारी बाई देवळात गेली. अनिकेत समोर बसून सगळं ऐकत होता. वर गुरुमूर्तीनं मलाच दम भरला की तुमचा विचार बदलला असेल तर माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. अनिकेतनं माझा हात धरला, मामा, सोडा, नका ताणू.

मी ताणलं नाही. एवढंच विचारलं, "गुरुमूर्ती, आज तुझ्या दारापुढे कोलम आहे का रे?"

फोन चालू होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"काल रात्री अम्मा अड्यारच्या घरी आल्या होत्या," मी म्हटलं.

फोन कट झाला.

रात्री त्यानंच केला. मोठा बाप्या माणूस लहान पोरासारखा रडत होता. अम्मा आठवड्यापूर्वीच गेली होती. बहिणीला कळलं तर तिची सही लागेल, वाटा द्यावा लागेल, म्हणून त्यानं तिला कळवलंच नाही. मद्रासमध्ये कुणालाच कळवलं नाही. पोटच्या पोरीला आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. मला त्याचा संताप आला, अजूनही येतो. मरण तिकडं आलं, पण घर तिचं इकडं होतं रे. त्या घरापुढे एक दिवस कोलम थांबू नये, उलट नवे लोक येऊन दूध उतू घालतात, म्हणजे त्या जिवाला काय वाटलं असेल?

खरेदीखत अर्थातच झालं नाही. मी हरिप्रियाला शोधून काढलं, सेलमला होती. तिनं आईचे राहिलेले सोपस्कार केले. घराला कुलूप. मयताचं वर्ष सरल्यावर भाऊबहीण दोघांनी मिळून सही केली, अनिकेत आणि रेवाच्या नावावर घर झालं, आणि त्या पोरांनी तेवढं वर्ष कसं काढलं ते मी वरच्या मजल्यावरून रोज ऐकत होतो.

मग पुन्हा दूध उतू घालायचं ठरलं. या वेळी रेवानं हरिप्रियाला बोलावलं. पहाटे रेवानं अम्माचा कोलम काढला, तीच सांगलीची रांगोळी, उंबऱ्यासमोर तीच फट. हरिप्रिया जिना चढून आली आणि दारात थबकली. एवढ्या वर्षांत आईच्या घरी पहिल्यांदाच आली होती. रेवानं तिला ती फट दाखवली आणि अम्मा काय म्हणायची ते सांगितलं. बाई तिथंच कठड्याला धरून रडली. मग साडी सावरून, रेघेला पाय न लावता, बरोबर त्या फटीतून आत गेली.

आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. कनकासुद्धा. दूध वर आलं, उतू गेलं. बाहेर कुणीच नव्हतं, जिन्यावर पाऊल वाजलं नाही. सगळ्यांच्या आधी मी बाहेर आलो, चपला शोधायला, आणि उंबऱ्यावरच उभा राहिलो.

कोलम होता तसाच होता. ठिपकासुद्धा हलला नव्हता. फक्त फट नव्हती. दोन्ही टोकं जोडली गेली होती, इतकी सफाईनं की मी खाली वाकल्याशिवाय जोड दिसला नाही.

रेवाची रांगोळी दगडाची, तिला मुंग्या तोंड लावत नाहीत. बाकीच्या कोलमवर एकही मुंगी नव्हती. त्या बोटभर रेघेवर मात्र मुंग्या लागल्या होत्या.