आत तरी या, नाहीतर बाहेर

पालिकेत मी रस्ते आणि फरसबंदी बघते. म्हणजे लोक ज्याच्यावरून रोज चालतात आणि खड्डा पडल्याशिवाय ज्याच्याकडे कुणी बघत नाही, ते माझं खातं. शहराच्या मध्यावरच्या जुन्या बाजाराचं पुनरुज्जीवन करायचं ठरलं, तेव्हा चौकाचं काम माझ्याकडे आलं. भागीदारी अशी होती: जमीन पालिकेची, पैसा कंपनीचा आणि उठून जायचं दुकानदारांनी. पुनरुज्जीवन मेलेल्याचं करतात अशी माझी समजूत होती. आमच्या बाजारात तर सकाळी सायकल टेकवायला जागा मिळत नसे. पण कंपनीनं पालिकेला दाखवलेले फोटो दुपारी, दुकानदार फळ्या लावून जेवायला गेलेले असताना काढले होते. सगळ्या सदस्यांनी ते बघून माना डोलावल्या.

त्या बाजारात माझ्या मावशीचं बटणांचं दुकान होतं. बटणं, चेन, लेस, अस्तर, सुया. आई गेल्यावर मी मावशीकडेच वाढले. सगळा अभ्यास गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून केला. दुकान एवढंसं, उजेड फक्त दारातून यायचा, आणि दुधी बटण कोणतं नि मोतिया कोणतं हे उजेडाशिवाय कळत नाही. त्यामुळे उंबऱ्यावर कुणी रेंगाळलं की मावशीचं डोकं फिरायचं.

"आत तरी या, नाहीतर बाहेर जा," ती म्हणायची. "मध्ये उभं राहायचं नाही."

गिऱ्हाईक असो, पत्ता विचारणारा असो की ऊन चुकवायला थांबलेला पोलीस, सगळ्यांना हेच एक वाक्य. पोलीस तेवढे निमूट बाहेर जात.

त्याच उंबऱ्यावर उभं राहून हसऱ्या साहेबानं शब्द दिला. हा कंपनीचा प्रमुख. हे नाव त्याला बाजारानं ठेवलं होतं, कारण वाईट बातमी देतानाही त्याचे दात मिटत नसत. "मावशी, काळजी सोडा. नव्या चौकातला पहिला गाळा तुमचा," तो म्हणाला. मी तिथंच होते. मावशी म्हणाली, "आत येऊन सांगा." तो आत आला नाही, बाहेरही गेला नाही. उंबऱ्यावरूनच त्यानं करार पुढे केला, आणि आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या शब्दावर उधार देणाऱ्या बाईनं त्याच्या शब्दावर सही केली.

चौक होईपर्यंत म्हणून तिला शहराच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर गाळा मिळाला. शर्टाच्या एका बटणासाठी तीन जिने कोण चढतो? ती रोज सकाळी शटर वर करायची आणि बटणांचे डबे पुसत बसायची. पहिला गाळा कॉफीच्या दुकानाला गेल्याची बातमी शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी तिला सांगितली. तेही तिच्यासारखेच तिथं येऊन पडले होते. त्यानंतर ती फारशी बोलली नाही. एका दुपारी स्टुलावर बसल्या बसल्याच ती गेली. संध्याकाळपर्यंत कुणाला कळलंही नाही, कारण दुकानात डोकवायला माणूसच आलं नव्हतं. मला राग आला असं म्हणणं म्हणजे वणव्याला ऊब म्हणण्यासारखं आहे.

"तरीही ते काम करतेस?" नवरा विचारायचा.

"करते," मी म्हणायचे. त्या चौकात मावशीचं असं माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, हे त्याला सांगून काय उपयोग?

बाजार पाडला, तेव्हा कंपनीच्या वास्तुविशारदाला जुन्याची आठवण जपायची हौस आली. दुकानांचे उंबरे काढून ठेवले आणि चौकाच्या मधोमध, कारंज्याभोवती, त्यांचं एक वर्तुळ करायचं ठरलं. नकाशात प्रत्येक उंबरा म्हणजे नुसता एक लांबट चौकोन होता. त्याचं तोंड कुठं करायचं ते त्यानं लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

उंबऱ्याला दोन बाजू असतात. रस्त्याकडची कड पावलांनी झिजून गोल झालेली असते, आणि दुकानाकडच्या बाजूला दाराच्या फळ्या बसवायची खाच असते. चौकाच्या दगडकामावर असलेल्या मिस्त्रींनी जन्मभर उंबरे बसवले होते. इथंही ते सवयीनं तसेच बसवत गेले, गोल कड बाहेर, खाच आत. मी बघायला गेले तेव्हा निम्मं वर्तुळ झालं होतं.

"मिस्त्री, सगळ्यांच्या खाचा कारंज्याकडे का?"

"उंबरा आहे ना बाई. कुठली तरी बाजू आत नको?"

"पण इथं आत काय आहे? वर आभाळ!"

"ते कंपनीला विचारा. मी दगड लावतो, दारं नाही लावत."

आम्ही दोघंही हसलो. दगड एका वळणात छान दिसत होते, म्हणून मी काम पुढे जाऊ दिलं.

पहिल्यांदा काही जाणवलं ते छत्र्यांमुळे. त्या दिवशी भुरभुर पाऊस होता आणि पालिकेची नि कंपनीची माणसं पाहणीला आली होती. एकेक जण दगड ओलांडून कारंज्यापाशी गेला, आणि प्रत्येकानं पाऊल आत टाकता टाकता छत्री मिटली. मुख्य अभियंत्यांनी तर ती झटकून बाजूला टेकवून ठेवली. दोघांनी पाय पुसल्यासारखे केले. मग सगळे उघड्यावर उभे राहून हळू आवाजात बोलू लागले, दुसऱ्याच्या घरी बोलतात तसे. जरा वेळानं कुणीतरी वर बघितलं आणि सगळे ओशाळून हसले. गाडीत बसताना माझ्या लक्षात आलं, की इतका वेळ पावसात उभं राहूनही कुणाचे कपडे ओले नव्हते.

मी कारणं शोधली. वारा, आजूबाजूच्या उंच भिंती, पावसाचा तिरपेपणा. कारण शोधलं की सापडतंच, आणि सापडलं की माणसाला झोप लागते.

पण वासाचं कारण सापडेना. वर्तुळ जसजसं पुरं होत आलं, तसतसा आत गेल्यावर मेणाचा, कोऱ्या अस्तराचा आणि पत्र्याच्या डब्यांचा वास येऊ लागला. तो वास मी हजार वासांतून ओळखला असता. एकदा पाठीमागे डब्यातून बटणं ओतल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं, तर सुकलेलं सिमेंट आणि एक बादली.

संध्याकाळी घड्याळवाले काका यायचे आणि पत्र्याच्या कुंपणापलीकडे उभे राहायचे. हळूहळू बाजारातले आणखी जुने लोक त्यांच्या शेजारी येऊन उभे राहू लागले. एकदा मी म्हटलं, "काका, लांबून काय बघता? आत या ना."

"नको. दुकान उघडलं नाही अजून."

"कुठलं दुकान?"

काकांनी माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "तू तिचीच ना? मग मला काय विचारतेस?"

शेवटच्या जागेला मावशीचा उंबरा उरला. मुद्दाम कुणी ठेवला नव्हता, ढिगाच्या तळाशी होता इतकंच. मी तो लगेच ओळखला. मी लहान असताना त्याच्या खाचेत एक पितळी बटण अडकलं होतं. ते सुईनं, चिमट्यानं, कशानंच निघालं नव्हतं. आता काळंहिरवं पडून दगडासारखंच दिसत होतं. माप बघायला मिस्त्रींनी दगड नुसताच जागेवर ठेवला, चुना-सिमेंट न लावता, आणि आम्ही जेवायला गेलो. कारंज्याचा फिटर आत नळ्या तपासत होता.

परत आलो तर फिटर आत गोल फिरत होता. दोन्ही तळवे हवेवर दाबत, चाचपत, अंधारात भिंत चाचपावी तसा. तोंड उघडत होतं, मिटत होतं, पण आवाज येत नव्हता. मिस्त्रींनी पहार घालून मावशीचा दगड उचकटला, आणि दगड हलताक्षणी ऐकू आलं, "दार उघडा! अहो, दार उघडा!"

तो त्या फटीतूनच बाहेर आला. बाकीचे उंबरे वीतभरही उंच नव्हते, पण ते ओलांडायचं त्याच्या मनातही आलं नसावं.

"आत एक बाई आहेत," पाणी प्यायल्यावर तो म्हणाला. "त्यांनी माझा चेहरा उजेडाकडे करून बघितला. म्हणाल्या, तू नव्हेस तो."

हत्यारं तिथंच टाकून तो गेला, तो पुन्हा कामावर आला नाही.

मिस्त्रींनी पहार खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, हा एक दगड उलटा बसवू. खाच बाहेर. निघायला एक तरी वाट राहील." मी होकार दिला. तसं पक्कं ठरलं.

उद्घाटनाला कंपनीनं एक टूम काढली. हसऱ्या साहेबानं आत, कारंज्यापाशी उभं राहून शेवटचा उंबरा स्वतःच्या हातानं बसवायचा, आणि बाहेरून सगळ्यांनी फोटो काढायचे. सकाळची वेळ, लख्ख ऊन, चौक माणसांनी भरलेला. मावशीचा दगड फटीपाशी लाकडी ओंडक्यांवर तयार होता. महापौर यायचे होते. साहेब दगडावर एक पाय ठेवून फोनवर बोलत होता. आत नाही, बाहेर नाही.

त्याचं बोलणं संपल्यावर मी पुढे झाले. "साहेब, हा बटणांच्या दुकानाचा उंबरा. माझ्या मावशीचा."

"अरे वा! छान."

"याच्यावरच उभं राहून तुम्ही तिला पहिल्या गाळ्याचा शब्द दिला होता."

तो हसला. "असे शब्द पुष्कळ द्यावे लागतात हो. त्याशिवाय कामं कुठं होतात?" मग घड्याळात बघत त्यानं विचारलं, "कोण मावशी?"

मी खरं सांगते, तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. तिचं नाव त्याला आठवलं असतं, नुसतं "हो, बटणवाल्या" एवढं जरी तो म्हणाला असता, तरी मी बाजूला झाले असते.

महापौर आले. साहेब आत गेला. मिस्त्री माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "उलटाच ना?"

"नाही," मी म्हटलं. "खाच आत."

"बाई..."

"सगळ्यांसारखी. आत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, नजर खाली वळवली आणि माणसांना दगड फिरवायला सांगितला. बाहेरूनच तो फटीत सरकवला.

साहेबानं चांदीची थापी हातात घेतली आणि दगडावर दोनदा ठोकलं.

दगड बसला. डब्यातून बटणं ओतल्याचा आवाज आला, भरपूर, जसा दुकान उघडताना यायचा.

टाळ्या झाल्या. कारंजं उडालं. साहेबानं हात हलवला, वळला आणि पाण्यामागे गेला.

आमच्या बाजूच्या लोकांनी त्याला पलीकडे जाताना पाहिलं. पलीकडच्या लोकांनी त्याला आमच्याकडे येताना पाहिलं.

मी पाण्यातून बघत होते. त्याचे दोन्ही तळवे हवेवर सपाट दाबलेले होते. तोंड उघडत होतं. दात अजून दिसत होते.

मग त्यानं एकदम मागे वळून बघितलं, कुणी खांद्यावर हात ठेवावा तसं.

कारंजं खाली आलं, तेव्हा आत कुणी नव्हतं.

चौकशी झाली. पुष्कळ जणांनी शपथेवर सांगितलं की साहेब समोरच्या बाजूनं निघून गेले. कुणी म्हणालं परदेशात असतील, कुणी म्हणालं पैसे घेऊन पळाले, आणि ते लोकांना लगेच पटलं. कंपनीनं नवा प्रमुख नेमला. तो हसत नाही. कारंज्यात विजेच्या तारा आहेत असं कारण देऊन मी वर्तुळाभोवती साखळी लावून घेतली. चौक चांगला चालतो. कॉफीच्या दुकानात जागा मिळत नाही. काका एकदा आले, साखळीपाशी थोडा वेळ थांबले, समाधानानं म्हणाले, "उघडलं," आणि पुन्हा आले नाहीत.

परवा वार्षिक पाहणी होती. मिस्त्री आणि मी साखळीच्या आत, पण दगडांच्या बाहेर राहून, एकेक उंबरा तपासत गेलो. मावशीच्या उंबऱ्यापाशी मिस्त्री थांबले. आतल्या बाजूला, खाचेला लागून, दोन खोलगट खड्डे पडले होते. शेजारी शेजारी, बुटांच्या मापाचे, चवडे बाहेरच्या दिशेनं. एवढं झिजायला दगडाला पिढ्या लागतात.

"पहार गाडीत आहे," मिस्त्री म्हणाले. "आणू का?"

मी वाकून खाचेत बघितलं. माझ्या लहानपणापासून कशानंच न हललेलं ते काळं पितळी बटण आता अर्धवट सुटून वर आलं होतं. बाहेरची बाजू तशीच काळी होती. आतली बाजू लखलखीत होती, आणि तिच्याभोवती दगडावर बारीक, ताजे, नखांचे ओरखडे होते.

मी अंगठ्यानं ते बटण परत खाचेत दाबून घट्ट बसवलं.