पाचशे झाडांची चोरी

सकाळी सातला सेनगाव ठाण्यात फोन आला. एका कंपनीनं गावच्या माळावर लावलेली पाचशे झाडं चोरीला गेली होती. जमादार रत्नपालनं वीस वर्षांच्या नोकरीत झाडांचा चोर कधी पाहिला नव्हता.

माळावर कंपनीचे प्रकल्प अधिकारी भागवत वाटच पाहत होते.

“मुळासकट उपटून नेली! उद्या मुंबईहून साहेबलोक पाहणीला यायचेत. कुंपणाच्या फाटकाचं कुलूप शाबूत आहे आणि किल्ली या राखणदारणीकडे.”

“दुसरी किल्ली?”

“माझ्याकडे असते.”

राखणदारीण शालूबाई दगडावर एकटीच बसली होती. नवरा वारलेला, लेक पुण्यात.

“मावशी, काल कुठं व्हत्या तुमी?”

“वारंगा फाट्याला, भावाकडं. साहेबांनीच सुट्टी देली. दोन महिन्यांत पहिली.”

“झाडं कशी व्हती?”

“आठ दिसांत पाला गळला. साहेब म्हनले, पानी घालत ऱ्हा. म्या घालून राहिले. बोलायची बी झाडांशी.”

“तुमी इकली का?”

“लेकरं इकतं का कोनी?”

रत्नपालला तिची दया आली, पण दयेनं गुन्ह्याचा छडा लागत नाही. तो उकिडवा बसला. मुरमात ओळीनं भोकं होती, अंगठा जाईल एवढीच. माती कुठं उकरलेली नव्हती. रोपं ज्या काळ्या पिशव्यांतून येतात, त्यांचा एक तुकडाही माळावर नव्हता.

तो उठला.

“भागवतसाहेब, मुळासकट उपटली असती तर हातभर खड्डे पडले असते. इथं मुळं नव्हतीच. तुम्ही फोटोपुरत्या फांद्या तोडून खोचल्या. त्यांच्या काड्या झाल्या. उद्या बिंग फुटलं असतं, म्हणून काल हिला सुट्टी दिलीत, आपल्या किल्लीनं आत शिरलात, काड्या उपटल्यात आणि आळ हिच्यावर घातलात.”

भागवतांचा चेहरा उतरला. “कंपनीला कारखान्यासाठी गावाची जमीन हवी होती. त्याआधी गावात हिरवाई दाखवा, असं वरून आलं. पावसाळा संपत आला होता, रोपं मिळेनात. फोटो मात्र आठ दिवसांत हवे होते.”

“ते ठाण्यात सांगा.”

रत्नपाल शालूबाईकडे वळला. “सुटल्या तुमी, मावशी. पन त्या नुसत्या फांद्या हायेत, हे कळलं न्हाई तुमाला?”

“कळलं व्हतं. पाला गळला तवाच.”

“मंग बोलल्या काहून न्हाई?”

“बोलले असते तर काम बंद पडलं असतं.” ती रिकाम्या माळाकडे पाहत राहिली. “आता उद्या सकाळी उठून म्या कुठं जाऊ, साहेब?”