शेपटावरची हिरवी रेघ

"मेघा, हे भिंतीवर नाहीत वं! खिळाच राहिला!"

भीमामावशींचा फोन आला तशी मेघा त्यांच्या वाडीतल्या घरी धावली. मावशींच्या दिवंगत यजमानांचा, आनंदरावांचा, एकुलता एक फोटो फ्रेमसकट गेला होता. बंद पडलेल्या 'वैनगंगा कार्गो' या मालवाहू विमान कंपनीत ते हमाल होते. फोटोत विमानाच्या शेपटाखाली उभे. त्यावरूनच मेघा आणि तिचा मित्र रजत कॉम्प्युटरवरच्या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी ते विस्मृतीतलं विमान रंगवत होते.

"वसंतच! काल भिंती रंगवून गेला. गल्लीत चोर म्हटलं मी त्याले."

"फोटो कुठं होता तेव्हा?"

"पेटीवर, उतरवून."

"आणखी कोण आलं?"

"रजत. सामान सरकवू लागला बिचारा."

मेघाने मोबाइल काढला. रजतने आठवड्यापूर्वी भिंतीवरच्या फ्रेमचा काढलेला फोटो. फक्त शेपूट, माणूस नको, असं तिनेच सांगितलं होतं. शेपटाचं टोक फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेलं.

मग तिने रजतचं आज सकाळी आलेलं डिझाइन उघडलं. टोकावर बारीक हिरवी रेघ होती.

रजतची खोली मागच्याच गल्लीत. ती तडक तिथे गेली.

"ही रेघ कुठून आणली?"

"अंदाजानं."

"चाकाची राखाडी छटाही मले विचारून लावतोस, अन् रेघ अंदाजानं? दुसरा फोटो जगात सापडला नाही आपल्याले. टोक पट्टीखाली होतं. फ्रेम उघडल्याशिवाय रेघ दिसतच नाही."

रजतची नजर गादीकडे गेली.

"उघडून नीट निघाला असता तं तू परत ठेवला असता. जुना फोटो काचेले चिकटतो. ओढला ना?"

रजतने गादीखालून फ्रेम काढली. आनंदरावांच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा कागद.

"टोकाशिवाय अपलोड नाही, तूच म्हणे. वसंत शिव्या खाऊन राहिला होता, मी मावशीच्या दारातच होतो. तोंडच उघडलं नाही."

मेघाने फ्रेम हातात घेतली. तिने काच खिडकीकडे धरली. चेहरा काचेलाच चिकटून होता. उन्हाने डोळे बारीक केलेले आनंदराव. तिने काच हलकेच कागदावर बसवली. चेहरा खांद्यांवर आला. कडेने भेग राहिली.

"आधी वसंतकडे," ती म्हणाली. "मीही येते."

वसंतला घेऊनच ते मावशींकडे गेले. मावशींनी सगळं ऐकलं, फ्रेम पदराने पुसली. आधी वसंतकडे पाहिलं. "चुकलं रे माझं." मग मेघाच्या मोबाइलवरचं विमान पाहत राहिल्या.

"पुरं झालं?"

"हो, मावशी."

"मंग हे कुठं आहेत याच्यात?"