वेढ्याचा हरवलेला भाग

"चौथा भाग ना? त्यातली तोफ चुकीची आहे."

माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर एलिसा मोबाइलवर जुनी मालिका बघत होती आणि मागचा अनोळखी मुलगा खुशाल तिच्या खांद्यावरून डोकावत होता. ती तडकलीच. पण ‘काळयान’ बघणारा आणखी कुणी वसईत आहे, हेच नवल! त्या यानातून माणसं भूतकाळात जायची. अगदी सुरुवातीच्या एका गोष्टीत तर थेट वसईच्या वेढ्यात उतरली होती. होळी भागातलं तिचं घर येईपर्यंत दोघं एकाच शेअर रिक्षात तोफेवरूनच भांडले.

मग त्या मुलाबरोबर, सुमेधबरोबर, दर रविवारी ती गोष्ट पुन्हा बघणं सुरू झालं. बघणं कसलं, सुमेधचं थांबवणं! "हे बटण त्या काळात नव्हतं..." "ही पगडी..." वैताग आला होता तिला त्याचा. आणि एखाद्या शनिवारी त्याचा मेसेज आला नाही, की त्याहून जास्त वैताग यायचा.

त्या गोष्टीच्या शेवटच्या भागाची टेप कुणीतरी पूर्वीच पुसून टाकलेली. चित्र गेलं होतं, कुठूनतरी उरला होता फक्त खरखरता आवाज. तो भाग किल्ल्यातच, आपल्या आवाजात पुन्हा करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात सुमेधला बंगळुरूची नोकरी आली. एलिसा "अभिनंदन" म्हणाली आणि घरी जाऊन आईवर उगाच खेकसली.

रविवारी दोघं किल्ल्यातल्या छप्पर उडालेल्या चर्चमध्ये उभे राहिले. तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्या गोष्टीतली, किल्ल्यात राहणारी इसाबेल होऊन यानातल्या प्रवाशाच्या, म्हणजे सुमेधच्या, हातात सुकेळ्यांची, वसईच्या वाळवलेल्या केळ्यांची, पुडी दिली.

"मुळात पाव देते ती," सुमेध कुजबुजला.

"गप! वाक्य बोल." तिने आवाज सावरला. "थांबशील... माझ्यासाठी?"

इथे प्रवासी म्हणतो, इतिहास बदलता येत नाही, आणि निघून जातो. तिला ते ऐकायचंच नव्हतं.

"थांबतो," सुमेध म्हणाला.

"चुकलास. तो जातो."

"माहितीये."

"तोफेचं चाक चुकलं तर आठवडाभर डोकं खातोस, आणि आता —"

"बंगळुरूला ‘येत नाही’ म्हणून कळवलंय. तिथे माझ्यावर ओरडणार कोण? तू हवीयस मला, एलिसा... रोज."

तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला रागच आला. "कधी कळवलंस?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी! दोन दिवस मी रडतेय इथे! सांगितलं का नाहीस?"

"आधीच शेवट कळला असता ना..."

तिने पुडी हिसकावून त्याच्या छातीवर मारली आणि तिथेच, त्याच्या शर्टावर, कपाळ टेकलं. "मलाही तूच हवायस, गाढवा."

सुमेधचा हात हळूच तिच्या केसांवर आला.  चूक काढल्याशिवाय मात्र त्याला राहवणार नव्हतंच.

"पण... इसाबेल त्याला गाढव म्हणत नाही. मुळात."

"आपल्या भागात म्हणते," एलिसा म्हणाली. रेकॉर्डिंग अजून चालूच होतं.