येतो म्हण

ही घटना खरी आहे आणि माझ्यासमोर घडली आहे. 'पुरावा दाखवा' म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, पुरावा नाही. मी आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या मशिन्सवर काम करतो. पुराव्याशिवाय मी कोणाच्या चहालाही चांगला म्हणत नाही.

तरीही लिहितोय.

गेल्या वर्षीचा जुलै. शनिवारची रात्र. जागा म्हणजे नेदरलँड्सच्या दक्षिणेचं एक सफारी पार्क.

पावसाळी ब्राबांट प्रांतात या डच लोकांनी आफ्रिका उभी केली आहे. मोठा गवताळ माळ, त्यावर मोकळे जिराफ आणि झेब्रे, आणि कडेने लाकडी लॉज, खास मुलाबाळांच्या कुटुंबांसाठी. पुढची भिंत सगळी काचेची. तुम्ही सोफ्यावर बसून चहा प्यायचा, समोर जिराफ पाला खाणार.

माझी धाकटी बहीण अमृता आणि तिचा नवरा ऋषभ उइटहॉर्न गावात राहतात. त्यांचा मुलगा राजस. सात वर्षांचा होता.

हा 'होता' मला अजून लिहिता येत नाही.

राजसच्या हृदयात जन्मापासून दोष होता. जिराफाचं हृदय खूप मोठं असतं, कारण रक्त एवढ्या उंच मानेवर चढवायचं असतं, हे त्याने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून घरात फक्त जिराफ. ऑपरेशन झालं की जिराफांच्या शेजारी राहायला जायचं, असं मायलेकांचं ठरलं होतं. बुकिंगही झालं होतं.

पोरगा इथेच जन्मला. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर बहुतेक डचमध्ये. सायकल घेऊन शाळेला निघाला की दारातून ओरडायचा, "आई, इक खा!"

डचमध्ये 'इक खा' म्हणजे 'मी जातो'. मी तिथे असलो की विचारायचो, "काय खा? पोळी खा की चीज खा?" तो खिदळायचा.

अमृता मात्र हातातलं काम टाकून दारात यायची. "जातो नाही रे, येतो म्हण."

"पण मी तर जातोय! खोटं का बोलू?" हे तो मुद्दाम मराठीत म्हणायचा.

मग दोघंही हसायची आणि तो जायचा. हे रोजचं होतं. तिचं वाक्य ऐकल्याशिवाय पठ्ठ्या दारातून हलायचा नाही.

मार्चमध्ये त्याला ऑपरेशनला नेलं. पलंग आत ढकलताना त्याने मान वळवली आणि कोणी न सांगता म्हणाला...

"आई, येतो."

पहिल्यांदाच.

तो आला नाही.

त्या दिवसापासून अमृता घराचं दार लॉक करू देईना. ऋषभ रात्री लॉक करायचा, ती उठून उघडायची. म्हणायची, "तो येतो म्हणालाय." जेवण सुटलं, नोकरी सुटायच्या बेताला आली. ऋषभ मला फोनवर म्हणाला, "दादा, मुलगा गेला. आता ही पण माझ्या डोळ्यांदेखत चाललीय. तिला त्याला सोडायला सांगा हो."

ऋषभ बुकिंग रद्द करायला निघाला, तर तिने त्याचा हात धरला.

"तिथला पत्ता त्याला माहीत आहे," ती म्हणाली.

म्हणून मीही त्यांच्यासोबत गेलो.

रिसेप्शनवरच्या मुलीने बुकिंगमध्ये लहान मुलाचं नाव पाहिलं. जिराफाचे कान असलेला हेअरबँड पुढे करून हसत विचारलं, "आणि आमचा छोटा पाहुणा कुठे आहे?"

ऋषभने तोंड फिरवलं. अमृताने हेअरबँड घेतला आणि शांतपणे डचमध्ये म्हणाली, "येईलच तो."



लॉजमध्ये मुलांच्या खोलीत एकावर एक दोन पलंग होते. अमृताने वरच्या पलंगावर चादर घातली आणि उशीवर हेअरबँड ठेवला. व्हरांड्याकडचं सरकतं काचेचं दार आतून लॉक ठेवायचं, असा तिथला नियम आहे, प्राण्यांमुळे. ते मी स्वतः लॉक केलं. किल्ली पँटच्या खिशात टाकली.

जुलैत इथे दहापर्यंत उजेड असतो. आम्ही वरणभात वाढून घेतला. एक जिराफ व्हरांड्याच्या कठड्यापाशी आला आणि मान वाकवून आत बघायला लागला.

आमच्याकडे नाही...

आमच्या शेजारी. खाली. जिथे कोणीच नव्हतं.

मग त्याची मान हळूहळू सरकायला लागली. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा परत. आत कोणीतरी पळतंय आणि तो त्याला बघतोय, असं.

आणि मग लाकडी जमिनीवर आवाज आला...

सर्रर्र.

राजस मोजे घालून असाच घसरायचा. अमृता ओरडायची, पडशील म्हणून.

ऋषभच्या हातातला चमचा तसाच राहिला. "दादा, ऐकलंत?"

"फ्रिज असेल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

तेवढ्यात काचेवर वाफ धरली. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, छोटासा गोल. कोणी काचेला तोंड लावून बघावं तसा.

आतल्या बाजूने.

तो विरला. शेजारी दुसरा उमटला.

मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? अमृता मात्र जमिनीवर बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली.

"आलास?" ती म्हणाली.

ती रात्रभर त्या पलंगाशी बसून राहिली. ऋषभ तिच्या शेजारी. मी सोफ्यावर. वरच्या पलंगाची शिडी दोनदा करकरली, मी उठून बघायला गेलो नाही.

पहाटे मला थंडी वाजून जाग आली.

बाहेर माळावर धुकं होतं. सगळे जिराफ कठड्यापाशी येऊन उभे होते, गुपचूप, आत बघत.

आणि सरकतं दार उघडं होतं...

एक लहान मूल जाईल एवढंच.

मी खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

अमृता खोलीच्या दारात उभी होती, ऋषभ तिच्या मागे. तेव्हा त्या दारापासून आवाज आला. अगदी स्पष्ट. आम्ही तिघांनी ऐकला.

"आई, इक खा."

अमृताच्या तोंडून सवयीनेच निघालं, "जातो नाही रे, ये..."

आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

ऋषभ, ज्याने मला तिला समजवायला आणलं होतं, तोच रडत तिचा खांदा हलवायला लागला. "अमू, म्हण ना! म्हण त्याला! येतो म्हणायला लाव त्याला!"

तिने मान हलवली. मग जे आपल्यात दारातल्या माणसाला कोणी म्हणत नाही, आई तर कधीच म्हणत नाही, ते ती म्हणाली.

"जा."

मग अगदी हळू, "जा बाळा. सावकाश जा."

दार थोडा वेळ तसंच उघडं राहिलं.

मग आपोआप बंद झालं.

जिराफ वळले आणि धुक्यात निघाले. शेवटच्याची मान पार खाली वाकलेली होती. तो फार हळू चालत होता, छोट्या पावलांच्या बरोबरीने.

अमृता त्या सकाळी पहिल्यांदा रडली. आता ती घराचं दार लॉक करते. स्लोटरडाइकच्या ऑफिसला पुन्हा जायला लागली आहे. सगळे म्हणतात, बरं झालं, सावरली. मीही तेच म्हणत होतो.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला.

"दादा, ते दार थोडा वेळ उघडंच होतं ना?"

"हो."

"तो थांबला होता रे. मी 'येतो म्हण' म्हणेपर्यंत तो कधी जायचाच नाही. माझी वाट बघत होता का?"

मी म्हणालो, "वेडी आहेस का? वाऱ्याने राहिलं असेल."

तिने फोन ठेवला.

त्या पहाटे वारा नव्हता. गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं.