घोरण्याशी सोयरीक

बटण काही दाबलं जात नव्हतं.

मैसूनने आवाज वाढवला. आणखी वाढवला. काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसलेला तो माणूस ढिम्म हलला नाही. “आवाज ऐकू आला की बटण दाबायचं,” असं तिने त्याला दोनदा सांगितलं होतं, आणि त्याने मोठ्या उत्साहाने मान हलवली होती.

‘अरे देवा,’ ती मनात म्हणाली. ‘हा तर ठार बहिरा!’

वाईट वाटायला कारण होतं. इर्बिद शहरातल्या त्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात दिवसभर म्हातारेकोतारेच यायचे. रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला, आत येताना दाराच्या चौकटीला डोकं आपटून स्वतःच हसलेला असा तरुण क्वचित...

तेवढ्यात आतल्या माइकमधून तिच्या कानात एक आवाज आला. आधी वाटलं, मशीन बिघडलं.

खर्रर्रऽऽ... फूऽऽस.

मैसूनने काचेला नाक लावून पाहिलं. गडी भिंतीला डोकं टेकवून, तोंड अर्धवट उघडं ठेवून गाढ झोपला होता. बटण मांडीवरून घरंगळून खाली लोंबत होतं.

तिने जाड दार उघडलं. “अहो! ऐकलंत का?”

त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या घरी जाग आल्यासारखा हसला. “सकाळ झाली?”

“दुपार झाली. आणि तुम्ही इथे कान तपासायला आलायत.”

“मग? झालो पास?”

“ऐकण्यात नापास. झोपण्यात अख्ख्या जिल्ह्यात पहिले.”

तो इतक्या मोठ्याने हसला की बाहेर रांगेत बसलेल्या आजोबांनी आपलं कानातलं यंत्र काढून तपासलं. “माफ करा हं! पण एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. डोळाच लागला.”

त्याचं नाव कुतैबा. अजलूनच्या डोंगरात त्यांचा जैतुनाच्या तेलाचा घाणा होता. पूर्वी बैलाने फिरायचा तो आता यंत्रावर, आणि यंत्राचा गडगडाट असा की घरात सगळे ओरडूनच बोलत. आजोबा बहिरे, वडील तीन चतुर्थांश बहिरे, काका हातवारे करणारे. म्हणून हंगामाआधी कान दाखवून ये, असं आईने बजावलं होतं.

“परवा पुन्हा यावं लागेल,” मैसून फाइलमध्ये बघत म्हणाली. “झोप पुरी करून या.”

“तुम्हीच असाल ना?”

“मी नसले तर दुसरं कोणीतरी असेल.”

“मग मी परत झोपेन.”

तिने मान वर केली नाही. पण कान... कान लाल झाले होते.

आता मैसूनच्या कानांबद्दल थोडं सांगायला हवं. बाकीच्यांना ऐकू येत नाही म्हणून ते दवाखान्यात येतात. तिला फार ऐकू येतं म्हणून ती तिथे टिकली होती. पण रात्री तेच कान वैरी व्हायचे. शेजारच्या घरातला गळका नळ तिला जागं करायचा. भिंतीवरचं घड्याळ तिने पिठाच्या डब्यात गाडलं होतं. खोलीत माशी शिरली की रात्र संपली. आई म्हणायची, “तुला नवरा शोधायचा तर थडग्यातला शोधावा लागेल.”

आणि हीच मैसून, परवा कधी येतो याची वाट बघत राहिली.

परवा तो जागा राहिला. कान चांगले निघाले, फक्त अगदी बारीक आवाज थोडे हुकत होते.

“चिमणीचा चिवचिवाट नीट येणार नाही तुम्हाला,” ती म्हणाली.

“तुमचा आवाज येतो?”

“तो... तो येतो.”

“मग चिमणीला सांगा, माफ कर.”

त्यानंतर कुतैबाला कानाच्या तक्रारी सुचतच गेल्या. कधी डावा कान वाजतो, कधी उजवा शिवशिवतो. एकदा तर डब्बाभर तेल घेऊन आला आणि म्हणाला, हे कानात घालायचं की सॅलडमध्ये? डॉक्टर निझारांनी शेवटी चष्म्यावरून पाहत सांगितलं, “पोरा, तुझा आजार माझ्या खात्यातला नाही. त्या मुलीच्या आईला जाऊन भेट.”

तो गेला. वडील, काका, सगळा गोतावळा घेऊन. रीतीप्रमाणे वडिलांनी कॉफीचा पेला समोर ठेवला, होकार मिळाल्याशिवाय ओठ लावणार नाही म्हणाले, आणि मुलीला मागणी घातली. ती इतक्या खणखणीत आवाजात की मैसूनच्या आईने तोंड उघडण्याआधी वरच्या मजल्यावरच्या बायकांनी आनंदाची किलकारी ठोकली. आता नाही कसं म्हणणार?

पण त्या पहिल्या दिवसाची ती खरखर मैसूनने कोणालाच सांगितली नाही. खुर्चीत बसून झोपलं तर कोणीही घोरेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

ती समजूत एका शुक्रवारी दुपारी मोडली.

होणारा जावई पहिल्यांदाच जेवायला आलेला. आईने मन्सफ केलं होतं. भाताच्या डोंगरावर मटण आणि वरून आंबट दह्याचा रस्सा, पुरे पुरे म्हणेपर्यंत. कुतैबाने तीनदा वाढून घेतलं, मावशी, मावशी म्हणत आईचं मन जिंकलं, मग बैठकीतल्या सोफ्यावर जरा टेकला.

घोरण्याची सुरुवात साधी होती. मग ट्रक चढ चढायला लागला. मध्येच गिअर बदलल्यासारखा थांबला. सगळ्यांनी श्वास रोखला... आणि दुप्पट जोराने सुटला. काचेच्या कपाटातले पेले किणकिणायला लागले.

आईच्या हातात चहाची किटली तशीच राहिली. “हा... हा रोज असाच?”

“मला काय माहीत!” मैसून म्हणाली. आणि तिचे कान लाल झाले.

आईला लेकीचे कान पाठ होते. “तुला माहीत होतं!”

“एकदाच ऐकलं होतं गं...”

“अगं, तू घड्याळ पिठात पुरणारी मुलगी! महिन्याभरात वेडी होशील. मी हे लग्न होऊ देणार नाही.”

एव्हाना ट्रक थांबला होता. कुतैबा सोफ्यावर उठून बसला होता, केस विस्कटलेले, गालावर उशीची नक्षी. “कोण वेडं होणार?”

मैसून त्याला गॅलरीत घेऊन गेली.

“तू घोरतोस,” ती म्हणाली. घाईत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

“मी? छे! घरी कधी कोणी बोललं नाही.”

“तुमच्या घरी बॉम्ब पडला तरी कोणी बोलणार नाही!”

त्याने तिथूनच वडिलांना फोन लावला. “बाबा, मी घोरतो का?”

“घोडा?” पलीकडून आवाज आला, तो तिलाही स्पष्ट ऐकू आला. “कुठला घोडा?”

“घोरतो, बाबा! घोरतो!”

“अरे तो विकला केव्हाच! तुला आत्ता कशाला हवा?”

मैसूनला हसू आवरेना. पण कुतैबा हसत नव्हता. त्याने फोन खिशात टाकला. “तुला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून. त्या काचेच्या खोलीत...”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तू इतका सुखात झोपला होतास. मला वाटलं, सांगितलं तर... परत येणार नाहीस.”

त्याने विस्कटलेले केस हातांनी सारखे केले. मग म्हणाला, “तुझी झोप मोडून मला संसार करायचा नाही, मैसून. तुझ्याजवळ झोपण्याच्या लायकीचा झालो की येईन.”

आणि गेला. मोठ्या आवाजाचा माणूस, पण जिना इतका हळू उतरला की तिच्या कानांनाही पावलं ऐकू आली नाहीत.

हंगाम सुरू झाला. डोंगरात जैतून झोडपले जात होते, आणि इर्बिदमध्ये गल्लीतल्या बायका मैसूनच्या आईला विचारत होत्या, “जावई दिसत नाहीत हल्ली?” त्याचे निरोप यायचे, पण एका ओळीचे. ‘कामात आहे.’ ‘तू झोपलीस का नीट?’ ती झोपत नव्हती. घरात घड्याळ नव्हतं, माशी नव्हती, नळ दुरुस्त झाला होता. तरी झोप नव्हती.

तिने डॉक्टर निझारांना गाठलं. “तो तुमच्याकडे आला होता ना?”

“रोग्याचं दुसऱ्याला सांगत नसतात,” डॉक्टर म्हणाले. मग तिचा चेहरा बघून विरघळले. “श्वास अडकत नाही ना, ते तपासलं. तसं काही नाही. वजन उतरव, रात्री जड जेवू नकोस, पाठीवर झोपू नकोस, एवढं सांगितलं. आणि म्हटलं, घशाच्या स्नायूंना व्यायाम दे. गाणं म्हण, काहीतरी फुंक. पण मला वाटलं नव्हतं तो एवढं मनावर घेईल. गावातून तक्रारी येतायत.”

“कसल्या?”

“जाऊन बघ.”

एकटीने जायची सोय नव्हती. ती आईला घेऊनच गेली. आई बसमध्ये बसताना म्हणाली, “मी फक्त तेल आणायला येतेय.”

घाण्याजवळ उतरल्या, तर यंत्राच्या गडगडाटातूनही एक भयंकर आवाज येत होता. बकरीच्या शेपटीवर कोणी पाय ठेवलाय आणि काढतच नाहीये, असा. जैतुनाच्या झाडाखाली, बराचसा वाळलेला कुतैबा, लग्नात नाचाला वाजवतात तो मिजविझ फुंकत बसला होता. दोन बोरूंची ती जोडपुंगी श्वास न तोडता वाजवायची असते. त्याचे गाल नारळासारखे फुगले होते, डोळे बाहेर आले होते. बकऱ्या दूरच्या टेकडीवर जाऊन उभ्या होत्या.

मैसूनला बघून पुंगीतून एक शेवटची किंकाळी निघाली.

“हे... हे माझ्यासाठी?” ती म्हणाली.

“सूर नाही लागत अजून,” तो ओशाळून म्हणाला. “पण घसा घट्ट होतो म्हणे. सदऱ्याला पाठीमागे अक्रोडही शिवलेत. पाठीवर वळलो की टोचतात.”

आई पुढे झाली. आईचा आवाजही मऊ झाला होता, पण अट कडक होती. “झोपून दाखव.”

“आत्ता, मावशी?”

“आत्ता.”

घाणा बंद झाला. झाडाखाली सतरंजी आली. कुतैबा कुशीवर आडवा झाला, आणि आई, मैसून आणि त्याचे वडील भोवती बसले. इतके डोळे लागल्यावर कोणाला झोप येणार?

“बाळा, आम्ही तोंडं फिरवतो हं,” आई म्हणाली.

सगळ्यांनी तोंडं फिरवली. वारा झाडांतून गेला. जरा वेळाने वडिलांनी आपल्या मते कुजबुजत विचारलं, “झोपला का?”

कुतैबा दचकून उठून बसला. असं तीनदा झालं. शेवटी मैसूननेच त्याच्या वडिलांना हाताला धरून घरात नेऊन बसवलं. परत येऊन ती सतरंजीच्या कडेला बसली आणि त्याच्या कपाळावरचे केस बाजूला केले. आईने मुद्दाम टेकडीवरच्या बकऱ्या मोजायला घेतल्या.

तो झोपला.

खर्र... फुस. खर्र... फुस.

आई कान देऊन ऐकत राहिली. “ट्रक नाही राहिला,” ती म्हणाली. “सायकल झालीय. पण आहे, मैसून. अजून आहे.”

“मला सायकल चालेल.”

“तुला? तुला माशी चालत नाही!”

“माशी माझी कोण लागते, आई?”

आई उठली आणि झग्याची धूळ झटकत घराकडे चालू लागली. “अहो कुतैबाच्या आई!” तिने लांबूनच हाक दिली. “कॉफी टाका. तारीख काढायचीय.”

वसंतात लग्न झालं. नाच झाला, मिजविझ वाजला. सुदैवाने वाजवणारा दुसरा होता.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मैसूनला जाग आली तेव्हा ऊन अंथरुणावर पार उशीपर्यंत आलं होतं. आणि शांतता होती. पूर्ण शांतता. तिने वळून पाहिलं. बाजूची जागा रिकामी!

“कुतैबा?”

तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. डोळे लालबुंद, हातात गार झालेला चहा.

“झोपला नाहीस?”

“तू झोपली होतीस,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुजबुजला असावा. “इतकी छान झोपली होतीस... म्हटलं, मी आडवा झालो तर...”

“वेडा आहेस का? असा किती रात्री जागशील?”

“तू जितक्या झोपशील.”

मैसूनने त्याच्या हातातला पेला काढून घेतला. ती रागावलीच. “चल, ऊठ. आडवा हो. कुशीवर. आणि आजच्या आज पलीकडच्या खोलीत दुसरा पलंग टाकायचा. निजायला मी इथे येणार, तुझ्याशी भांडत, गप्पा मारत. तुझी सायकल फारच वेगात निघाली तर मी तिकडे जाणार.”

“नव्या नवरीचा वेगळा पलंग? लोक काय म्हणतील?”

“लोक आपल्या घरी झोपायला येतात का?”

तो हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे मिटले. तिने पांघरूण त्याच्या खांद्यापर्यंत ओढलं. त्याने झोपेतच तिचा हात धरला.

“मैसून...”

“काय?”

“मला तू फार आवडतेस.”

“माहीत आहे. झोप.”

त्याचा श्वास संथ होईपर्यंत ती बसून राहिली. मग बोटं एकेक करून सोडवून घेतली. पलंग अजून यायचा होता, पण तिथून किती ऐकू येतं ते बघायला तिने पलीकडच्या खोलीत जमिनीवरच गादी टाकली, तिच्यावर अंग टाकलं आणि पायाने दार लोटून घेतलं.

खर्र... फुस.

पडल्या पडल्या तिने थोडा वेळ ऐकलं. मग उठली, आणि दार वीतभर उघडं केलं.