प्रार्थनेवाचून घास

"ताई, तू नको! प्रार्थना मी करतो..." भावानं हात वर केला आणि ताईच्या ओठांवर आलेले शब्द तिथंच विरले.

बाबांच्या उशाशी ती सूपची वाटी धरून उभी होती. बाबा म्हणजे एकेकाळचे पाळकसाहेब. चर्चमध्ये बोलायला उभे राहिले की शेवटच्या बाकावरच्या डुलक्यासुद्धा उडायच्या. पण पक्षाघातानं वाचा नेली, नि आता दोन शब्दांसाठी घाम फुटायचा. तरी प्रार्थनेवाचून घास घ्यायचा नाही, हा हट्ट तसाच! रोज ते सुरुवात करत, तिसऱ्या शब्दाला अडखळत, डोळे भरून येत... आणि जेवण तसंच परत जाई. माणूस वाळत चालला होता. पण शेजारी उभ्या लेकीनं ती प्रार्थना पुरी करायची सोय नव्हती, कारण बंदी त्यांनीच घातली होती!

का? तर ताईनं मंडळी, म्हणजे चर्चचा समाजच सोडला म्हणून. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या धाकट्या बहिणीला चर्चच्या कमिटीनं भर उपासनेत उभं केलं आणि घर मोडल्याबद्दल माफी मागायला लावली! बाबा समोर मान खाली घालून राहिले. ताई उठली, तिनं बहिणीचा हात धरला आणि दोघी सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेनं चालत्या झाल्या.

"ज्या तोंडाला मंडळी नको, त्या तोंडाची प्रार्थना या घरात नको," बाबा घरी आल्यावर म्हणाले होते.

धाकटी परगावी गेली ती गेलीच. ताई मात्र राहिली. धुणं, अंघोळ, औषधं, बाबांची कूस बदलणं... कंबरेचा काटा ढिला झाला, पण तोंडून ब्र निघाला नाही.

भाऊ कमिटीचा सेक्रेटरी, रविवारच्या कडक इस्त्रीत उपासनेवरून थेट आलेला. त्याची प्रार्थना म्हणजे वार्षिक अहवालच. चर्चच्या छपराची दुरुस्तीसुद्धा त्यानं देवाच्या कानावर घातली! "आमेन." ताईनं चमचा पुढं केला. बाबांनी तोंड घट्ट मिटलं.

त्यांचा वाकडा हात सरपटत आला नि त्यानं ताईचं मनगट धरलं.

"तू... कर."

"बाबा! ती किती वर्षं चर्चची पायरी चढलेली नाही!"

"रोज... करते ती. स्वयंपाकघरात... भिंतीपलीकडून... ऐकतो मी."

ताईनं चमचा वाटीत ठेवला. भांड्यांच्या आवाजाआड पुटपुटलेलं ते सारं... धाकटीसाठी, यांच्यासाठीच... त्यांनी ऐकलं होतं! मग इतके दिवस गप्प का राहिलात, बाबा? प्रश्न गळ्यापर्यंत आला. पण भांडायला त्राण नव्हतं. ती थकली होती, फार थकली होती. तिनं डोळे मिटले.

"प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार. बाबांना गिळायला बळ दे. धाकटीला परक्या गावात दोन घास सुखानं खाऊ दे. आमेन."

बस्स, एवढंच. बाबांनी सगळी वाटी संपवली. भाऊ खिडकीपाशी पाठ करून उभा राहिला. रुमाल मात्र खिशाबाहेर आला होता.

"तुझं... ताट... इथं आण," बाबा म्हणाले.

तिनं आणलं. ताटावर हात धरून त्यांनी सुरुवात केली. "प्रभू... माझ्या... दोन्ही मुलींना..." शब्द अडले. सुरकुतल्या गालांवरून आसवं ओघळू लागली.

ताईचं अन्न निवत होतं. तिनं ते निवू दिलं, आणि पुढच्या शब्दाची वाट पाहत बसून राहिली.